स्रोत संहितेपासून क्लाऊडपर्यंत : मुक्तस्रोत व्यवस्थापन प्रणालीची उभारणी

शालान्त परीक्षेचा निकाल ज्या दिवशी जाहीर होतो, त्या दिवशी मंडळाच्या संकेतस्थळावर लक्षावधी विद्यार्थी आणि पालक एकाच वेळी धाव घेतात. त्या काही तासांसाठी जेवढी संगणकीय क्षमता लागते, तिच्या अल्प अंशावर वर्षाचे उरलेले दिवस सहज निभावतात. त्या एका दिवसासाठी मोठे सर्व्हर विकत घ्यावेत, तर ते वर्षभर पडून राहतात आणि न घ्यावेत, तर ऐन वेळी संकेतस्थळ कोलमडते. शिष्यवृत्तीचे अर्ज, पीक विम्याची नोंदणी, करविवरणपत्रांची अंतिम तारीख अशा प्रत्येक लोकसेवेपुढे थोड्याफार फरकाने हाच पेच असतो. त्यावर तंत्रज्ञानाने शोधलेले उत्तर म्हणजे क्लाऊड कम्प्युटिंग किंवा मेघ-संगणन होय.

क्लाऊडची सेवा विकत घेता येते, तशी ती स्वतः उभारताही येते. अशा उभारणीसाठी लागणाऱ्या प्रणाली मुक्तस्रोत स्वरूपात उपलब्ध आहेत. त्यांपैकी ‘अपाची क्लाऊडस्टॅक’ या प्रणालीच्या आधारे ही प्रक्रिया मूळ स्रोत संहितेपासून कशी पार पडते, प्रत्येक टप्प्यामागील कारण काय आणि प्रशासनाच्या दृष्टीने तिचे महत्त्व कोणते, याचा आढावा या लेखात घेतला आहे.

क्लाऊड म्हणजे नेमके काय?

अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्थेने (निस्ट) सप्टेंबर २०११ मध्ये प्रसिद्ध केलेली क्लाऊडची व्याख्या आज सर्वत्र प्रमाण मानली जाते. तीनुसार क्लाऊडची पाच आवश्यक लक्षणे आहेत : मागणीनुसार स्वतःच सेवा घेण्याची सोय, जाळ्यामार्फत व्यापक उपलब्धता, साधनसंपत्तीचा सामायिक साठा, गरजेप्रमाणे त्वरेने क्षमता वाढविण्याची वा घटविण्याची लवचिकता आणि वापराचे मोजमाप. सेवेचे प्रकार तीन आहेत. पायाभूत सुविधा सेवेच्या रूपात, विकासमंच सेवेच्या रूपात आणि तयार सॉफ्टवेअर सेवेच्या रूपात. उभारणीच्या पद्धती चार आहेत : खासगी, सामुदायिक, सार्वजनिक आणि संमिश्र.

या व्याख्येतील ‘सामायिक साठा’ शक्य होतो तो आभासीकरणामुळे. एका प्रत्यक्ष सर्व्हरवर ‘हायपरव्हायझर’ नावाचे सॉफ्टवेअर बसविले की त्यावर अनेक आभासी संगणक स्वतंत्रपणे चालू शकतात. लिनक्सच्या गाभ्यातच अंतर्भूत असलेले ‘केव्हीएम’ हे त्याचे सर्वपरिचित उदाहरण आहे. तथापि केवळ हायपरव्हायझर म्हणजे क्लाऊड नव्हे. शंभर सर्व्हरांपैकी कोणत्या सर्व्हरवर जागा आहे, नवा आभासी संगणक कोठे सुरू करावा, त्याला कोणता जाळे-पत्ता द्यावा, कोणत्या विभागाने किती वापर केला, हे सारे पाहणारी एक व्यवस्थापन प्रणाली त्यावर असावी लागते. हायपरव्हायझर ही शेतातील विहीर मानली, तर व्यवस्थापन प्रणाली ही पाळीपाळीने सर्वांना पाणी देणारी पाटबंधारे व्यवस्था आहे.

मुक्तस्रोत प्रणालींचा उदय

या क्षेत्रातील आरंभीच्या मुक्तस्रोत प्रणालींपैकी ‘युकॅलिप्टस’ ही कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा येथील संशोधनातून २००८ मध्ये पुढे आली. जुलै २०१० मध्ये अमेरिकेची अंतराळ संस्था नासा आणि रॅकस्पेस ही कंपनी यांनी मिळून ‘ओपनस्टॅक’ प्रकल्प जाहीर केला. क्लाऊडस्टॅकचा प्रवास याच काळातील आहे. २००८ मध्ये स्थापन झालेल्या आणि पुढे ‘क्लाऊड डॉट कॉम’ या नावाने ओळखल्या गेलेल्या कंपनीने ही प्रणाली विकसित केली व २०१० मध्ये तिचा बराचसा भाग मुक्त केला. २०११ मध्ये सिट्रिक्स कंपनीने ती कंपनी विकत घेतली. एप्रिल २०१२ मध्ये ही प्रणाली अपाची सॉफ्टवेअर फाउंडेशन या ना-नफा संस्थेकडे सुपूर्द करण्यात आली आणि मार्च २०१३ मध्ये तिला तेथे स्वतंत्र, पूर्ण दर्जाच्या प्रकल्पाचे स्थान मिळाले.

या इतिहासातील एक मुद्दा अभ्यासकांनी विशेष ध्यानात घ्यावा. कंपन्यांची मालकी बदलली, तरी मुक्त परवान्याखाली एकदा प्रसिद्ध झालेली संहिता वापरकर्त्यांच्या हातून गेली नाही. याउलट मालकी हक्काच्या सॉफ्टवेअरबाबत काय घडू शकते, याचे उदाहरण नजीकच्या काळात दिसले. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर ही आभासीकरण क्षेत्रातील अग्रगण्य कंपनी ताब्यात घेतली आणि पुढच्याच महिन्यात कायमस्वरूपी परवान्यांची विक्री थांबवून वर्गणीची पद्धत जाहीर केली. एकाच विक्रेत्यावर संपूर्ण व्यवस्था अवलंबून असणे म्हणजे काय, हे त्यातून अनेक संस्थांना उमगले. यालाच ‘विक्रेताबद्धता’ असे म्हणतात.

स्रोत संहिताच कशासाठी?

सॉफ्टवेअर दोन रूपांत मिळते. माणसाला वाचता येईल अशा भाषेत लिहिलेली स्रोत संहिता आणि तिचे यंत्राला चालविता येईल असे रूपांतर. सामान्य वापरकर्ता दुसरे, तयार रूप घेतो. अपाची फाउंडेशनच्या नियमांनुसार मात्र संस्थेचे अधिकृत प्रकाशन म्हणजे स्रोत संहिताच होय. तयार पॅकेजे ही केवळ सोय म्हणून दिली जातात. प्रकाशनाला प्रकल्पाच्या व्यवस्थापन समितीतील किमान तीन सदस्यांची अनुकूल मते लागतात, विरोधी मतांहून अनुकूल मते अधिक असावी लागतात आणि मतदानासाठी साधारणतः ७२ तास दिले जातात. मत देणाऱ्या सदस्याने स्रोत संहिता स्वतःच्या संगणकावर उतरवून, बांधून आणि तपासून पाहावी, अशी अपेक्षा असते.

स्रोतापासून बांधणी करण्याचे तीन लाभ आहेत. पहिला पारदर्शकतेचा. सर्व्हरवर जे चालते ते कोणत्या संहितेतून निर्माण झाले, हे संस्थेला ठाऊक असते. दुसरा लाभ निवडीचा. काही बाह्य घटकांचे परवाने अपाचीला ते घटक वितरित करू देत नाहीत, म्हणून ते नेहमीच्या बांधणीतून वगळलेले असतात. ज्यांना त्यांची गरज आहे, त्यांनी ते स्वतः मिळवून निराळ्या पर्यायाने बांधणी करायची असते. तिसरा लाभ दुरुस्तीचा. एखादा दोष आढळला, तर पुढील आवृत्तीची वाट न पाहता संहितेत सुधारणा करून नवी बांधणी करता येते. अर्थात हे स्वातंत्र्य वापरू शकेल असे मनुष्यबळ हाताशी असणे, ही त्याची पूर्वअट आहे.

पूर्वतयारी

लहानशा प्रायोगिक उभारणीस दोन यंत्रे पुरतात. एकावर व्यवस्थापन सर्व्हर, तर दुसऱ्यावर आभासी संगणक चालतील असा यजमान सर्व्हर. व्यवस्थापन सर्व्हरसाठी ६४ बिट प्रक्रियक, किमान ४ गिगाबाइट स्मृती, कायम न बदलणारा जाळे-पत्ता आणि पूर्ण नाव आवश्यक असते. यजमान सर्व्हरच्या प्रक्रियकात आभासीकरणाची सोय असावी लागते. ती इंटेलच्या यंत्रांत ‘व्हीटी’ व एएमडीच्या यंत्रांत ‘एएमडी-व्ही’ या नावाने असते. ती बायोसमध्ये बंद ठेवलेली असल्यास प्रथम सुरू करावी.

सर्व यंत्रांची घड्याळे एकमेकांशी जुळलेली असणे, ही बाब क्षुल्लक वाटली तरी मूलभूत आहे. वेळ जुळत नसेल, तर सुरक्षा प्रमाणपत्रे अवैध ठरतात आणि दोन सर्व्हरांच्या नोंदींची तुलना करून दोष शोधणे अशक्य होते. भारतात याला नियमाचेही अधिष्ठान आहे. संगणकीय आपत्कालीन प्रतिसाद पथक अर्थात ‘सर्ट-इन’ने २८ एप्रिल २०२२ रोजी दिलेल्या निर्देशांनुसार डेटा सेंटर, सेवादाते व शासकीय संस्था यांनी आपली घड्याळे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र (एनआयसी) किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा यांच्या वेळ-सर्व्हरशी अथवा त्यांच्याशी जुळणाऱ्या स्रोताशी संलग्न ठेवावयाची आहेत.

पडताळणी आणि बांधणी

प्रथम प्रकल्पाच्या अधिकृत स्थळावरून स्रोत संहितेची संकुचित धारिका उतरवून घेतली जाते. तिच्यासोबत दोन छोट्या धारिका असतात. एकीत मूळ धारिकेचा अंकीय ठसा असतो. उतरविताना एक अक्षर जरी बदलले, तरी ठसा जुळत नाही. दुसरीत प्रकाशन करणाऱ्या व्यक्तीची अंकीय स्वाक्षरी असते. ठसा धारिका अखंड असल्याचे सांगतो, तर स्वाक्षरी ती योग्य व्यक्तीकडून आल्याचे सांगते. दोन्ही तपासण्या पूर्ण केल्याविना पुढे जाऊ नये.

क्लाऊडस्टॅकचा मोठा भाग जावा भाषेत लिहिलेला आहे. त्यामुळे बांधणीसाठी त्या आवृत्तीस अनुरूप असा जावा विकास संच आणि ‘मेव्हन’ हे बांधणी साधन लागते. वापरकर्त्यासमोर दिसणाऱ्या पटलांच्या बांधणीसाठी नोड जेएस लागते. पायथनमध्ये लिहिलेल्या साहाय्यक आज्ञावल्याही प्रणालीत आहेत. कोणती आवृत्ती कोणत्या जावाशी जुळते, हे त्या प्रकाशनाच्या दस्तऐवजांत पाहावे. बांधणी फसण्याचे सर्वांत सामान्य कारण हीच विसंगती असते.

मेव्हन प्रथम संहितेला लागणारी सर्व पूरक ग्रंथालये इंटरनेटवरून आणतो, मग संहितेचे यंत्ररूपात रूपांतर करतो आणि चाचण्या घेतो. स्वाक्षरीची पडताळणी केवळ क्लाऊडस्टॅकच्या संहितेपुरती असते. या पूरक ग्रंथालयांची हमी तीतून मिळत नाही. म्हणून संवेदनशील संस्था तपासून घेतलेल्या ग्रंथालयांचा स्वतःचा स्थानिक साठा ठेवतात आणि बांधणीचे यंत्र इंटरनेटपासून अलग ठेवतात. आज ज्याला ‘सॉफ्टवेअर पुरवठा साखळीची सुरक्षा’ म्हटले जाते, तो विषय नेमका हाच आहे.

बांधणीच्या अखेरीस डेबियन वा उबुंटू प्रणालींसाठी ‘डेब’, तर रेड हॅट कुळातील प्रणालींसाठी ‘आरपीएम’ स्वरूपाची पॅकेजे तयार होतात. सामायिक भाग, व्यवस्थापन सर्व्हर, यजमानावरील एजंट, वापराची नोंद ठेवणारी सेवा अशी ती वेगवेगळी असतात. त्यांचे स्थानिक भांडार केले की सर्व यंत्रांवर एकच, तपासलेली आवृत्ती बसविता येते.

डेटाबेस व साठवण

क्लाऊडस्टॅक आपली सर्व माहिती मायएसक्यूएल डेटाबेसमध्ये ठेवते. व्यवस्थापन सर्व्हर स्वतःजवळ काहीच साठवीत नसल्याने एकाहून अधिक व्यवस्थापन सर्व्हर एकाच डेटाबेसवर चालविता येतात. प्रकल्पाच्या मार्गदर्शिकेनुसार प्रत्येक व्यवस्थापन सर्व्हरमागे डेटाबेसच्या ३५० जोडण्या गृहीत धराव्यात. दोन सर्व्हर असल्यास ही मर्यादा ७०० करावी. त्यानंतर प्रणालीसोबत येणारी आज्ञा ‘क्लाऊड’ व ‘क्लाऊड युसेज’ हे डेटाबेस निर्माण करते. याच वेळी संकेतशब्द कूटबद्ध करण्यासाठी दोन किल्ल्या द्याव्या लागतात. त्या दिल्या नाहीत, तर सर्वांना ठाऊक असलेले ‘पासवर्ड’ हेच मूल्य गृहीत धरले जाते आणि कूटबद्धता नावापुरती उरते. किल्ल्या हरवल्या, तर डेटाबेसची प्रत हाती असूनही व्यवस्था पुन्हा उभी करता येत नाही. यास्तव त्या निराळ्या, सुरक्षित जागी जतन कराव्यात.

साठवण दोन प्रकारची असते. प्राथमिक साठवणीवर चालू आभासी संगणकांच्या डिस्क असतात. तिला वेग हवा. दुय्यम साठवणीवर नमुना-प्रतिमा, स्थापना-प्रतिमा व क्षणप्रती असतात. तिला प्रशस्तपणा हवा. प्रायोगिक उभारणीत दोन्हींसाठी एनएफएस ही जाळ्यावरील धारिका-पद्धती चालते.

यजमान सर्व्हर आणि रचना

यजमान सर्व्हरवर केव्हीएम, त्याचे नियंत्रण करणारे ‘लिबव्हर्ट’ आणि क्लाऊडस्टॅकचा एजंट बसविला जातो. आभासी संगणकांना प्रत्यक्ष जाळ्याशी जोडण्यासाठी यजमानावर एक सेतू तयार करावा लागतो. रूढीने त्याचे नाव ‘क्लाऊडबीआर-शून्य’ असते. एजंट व्यवस्थापन सर्व्हरशी ८२५० क्रमांकाच्या पोर्टवरून बोलतो. अग्निभिंतीत हे पोर्ट बंद राहिल्यास यजमान ‘संपर्काबाहेर’ दिसतो. व्यवस्थापनाचे पटल ८०८० क्रमांकाच्या पोर्टवर उघडते.

पुढील टप्पा रचनेचा. तिची उतरंड झोन, पॉड, क्लस्टर व होस्ट अशी असते. झोन म्हणजे सर्वसाधारणपणे एक डेटा सेंटर. पॉड म्हणजे त्यातील एक रांग वा कपाट. क्लस्टर म्हणजे एकाच हायपरव्हायझरच्या व समान प्रक्रियकांच्या यजमानांचा गट. होस्ट म्हणजे प्रत्यक्ष सर्व्हर. क्लस्टरमधील समानतेची अट अनाठायी नाही. चालू आभासी संगणक बंद न करता एका यजमानावरून दुसऱ्यावर हलवायचा, तर दोन्हींचे प्रक्रियक एकाच क्षमतेचे असावे लागतात.

झोन कार्यान्वित होताच क्लाऊडस्टॅक स्वतःचे काही आभासी संगणक सुरू करते. दुय्यम साठवण सांभाळणारा एक, वापरकर्त्यास आभासी संगणकाचा पडदा दाखविणारा दुसरा आणि जाळ्यांसाठी आभासी राऊटर. हे ‘प्रणाली-संगणक’ सुरू झाले की उभारणीचा मोठा भाग पार पडला असे समजावे. ते अडकले, तर बहुधा ‘होस्ट’ या सर्वव्यापी मांडणीत व्यवस्थापन सर्व्हरचा चुकीचा जाळे-पत्ता पडलेला असतो किंवा दुय्यम साठवणीवर लिहिण्याची परवानगी नसते. दोषाचा माग व्यवस्थापन सर्व्हरच्या नोंदवहीत मिळतो.

क्षमतेचे गणित

एका यजमानात २ गिगाहर्ट्झ वेगाचे ३२ गाभे व १२८ गिगाबाइट स्मृती आहे असे मानू. एकूण प्रक्रियाशक्ती ६४ गिगाहर्ट्झ. प्रत्येक आभासी संगणकाला ४ गिगाहर्ट्झ व ८ गिगाबाइट दिले, तर प्रक्रियाशक्ती १६ संगणकांना पुरते आणि स्मृतीही १६ संगणकांनाच पुरते (यजमानाची स्वतःची गरज येथे सोयीसाठी वगळली आहे). बहुतेक संगणक पूर्ण वेळ प्रक्रियक वापरीत नाहीत, म्हणून क्लाऊडस्टॅकमध्ये अधिवाटपाचा गुणक ठेवता येतो. तो प्रक्रियकासाठी २ केला की कागदोपत्री १२८ गिगाहर्ट्झ मिळतात व ३२ संगणकांची सोय होते. पण स्मृती १६ संगणकांवरच संपते. प्रक्रियकाची चणचण कामाचा वेग मंदावते, स्मृतीची चणचण काम थांबवू शकते. म्हणून स्मृतीचा गुणक वाढविताना फार सावध राहावे लागते. क्लाऊडची ‘अमर्याद’ क्षमता ही अखेर योग्य अंदाजाची व सामायिकीकरणाची किमया आहे. नवी क्षमता त्यातून निर्माण होत नाही.

सुरक्षा व उत्तरदायित्व

प्रथम प्रवेशासाठी दिलेला ‘ॲडमिन’ हा वापरकर्ता व ‘पासवर्ड’ हा संकेतशब्द जगजाहीर आहे. तो तत्काळ बदलावा. व्यवस्थापनाचे जाळे सार्वजनिक जाळ्यापासून वेगळे असावे. व्यवस्थापन सर्व्हर बंद पडला, तरी चालू आभासी संगणक चालूच राहतात. नवे मात्र सुरू करता येत नाहीत. त्यामुळे डेटाबेसची नियमित प्रत ठेवणे व ती प्रत्यक्षात परत आणून पाहणे, हे नित्यकर्म ठरते. सर्ट-इनच्या उपरोक्त निर्देशांनुसार सायबर घटनेची माहिती ती लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावयाची असून प्रणालींच्या नोंदी १८० दिवस जतन करावयाच्या आहेत. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ ने व्यक्तिगत माहिती हाताळणाऱ्या संस्थांवर सुरक्षिततेचे दायित्व टाकले आहे. क्लाऊड स्वतः उभारला, की हे दायित्व दुसऱ्या कोणावर ढकलता येत नाही.

भारतीय संदर्भ

राष्ट्रीय ई-प्रशासन योजना २००६ मध्ये मंजूर झाली आणि राज्य डेटा सेंटरांची योजना २००८ मध्ये आली. त्यामागोमाग विखुरलेल्या सर्व्हरांचा सामायिक वापर व्हावा या हेतूने केंद्र शासनाने ‘मेघराज’ हा उपक्रम आखला. त्याची धोरणात्मक दिशा २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली व एनआयसीचा राष्ट्रीय क्लाऊड फेब्रुवारी २०१४ मध्ये कार्यान्वित झाला. एनआयसीची राष्ट्रीय डेटा सेंटरे दिल्ली, पुणे, हैदराबाद व भुवनेश्वर येथे आहेत. सोबतच इलेक्ट्रॉनिकी व माहिती तंत्रज्ञान मंत्रालय खासगी क्लाऊड सेवादात्यांना सूचीबद्ध करते, म्हणजे शासकीय विभागांपुढे दोन्ही मार्ग खुले आहेत. २०१५ मध्ये भारत सरकारने मुक्तस्रोत सॉफ्टवेअरच्या स्वीकाराचे धोरण जाहीर केले. त्यानुसार ई-प्रशासनाच्या प्रकल्पांत मुक्तस्रोत पर्यायाला प्राधान्य द्यावयाचे असून तो वगळल्यास त्याचे समर्थन देणे अपेक्षित आहे. पुण्यात मुख्यालय असलेल्या प्रगत संगणन विकास केंद्राने (सी-डॅक) मुक्तस्रोत घटकांवर आधारित ‘मेघदूत’ हा क्लाऊड संच विकसित केला आहे.

मर्यादांचे भान

मुक्तस्रोत म्हणजे विनाखर्च, हा समज चुकीचा आहे. परवान्याचा खर्च वाचतो. प्रशिक्षित अभियंते, वीज, शीतकरण, राखीव यंत्रे व वेळोवेळी करावयाची आवृत्तीवृद्धी यांचा खर्च उरतोच. स्रोतापासून बांधलेल्या प्रणालीला सुरक्षादुरुस्त्या आपोआप मिळत नाहीत. प्रत्येक वेळी नवी बांधणी करावी लागते. एखाद्या अभियंत्याने मोठ्या कौशल्याने उभारणी करावी, तिची नोंद कोठेही ठेवू नये आणि त्याची बदली होताच सारी व्यवस्था निराधार व्हावी, हा धोका विक्रेताबद्धतेइतकाच खरा आहे. फरक इतकाच की येथे विक्रेत्याऐवजी व्यक्तीवर अवलंबून राहणे घडते. म्हणून प्रत्येक टप्प्याचे दस्तऐवज लिहिणे हा उभारणीचाच अविभाज्य भाग मानला पाहिजे. लहान कार्यालयांना मेघराजसारखी सामायिक सेवा घेणेच अधिक हितावह ठरते, तर विद्यापीठे, संशोधन संस्था व मोठे विभाग यांना स्वतःची उभारणी परवडू शकते.

तंत्रज्ञानातील स्वावलंबनाचा अर्थ प्रत्येक गोष्ट शून्यातून निर्माण करणे असा नाही. जे वापरावयाचे ते समजून घेण्याची, तपासण्याची आणि गरज पडल्यास दुरुस्त करण्याची कुवत अंगी असणे, हा त्याचा खरा अर्थ आहे. दोन जुन्या यंत्रांवर, एखाद्या महाविद्यालयीन प्रयोगशाळेत, स्रोत संहितेपासून उभारलेला छोटासा क्लाऊड कदाचित कोणतीही मोठी लोकसेवा चालविणार नाही. पण निकालाच्या दिवशी लक्षावधींचा भार पेलणारी व्यवस्था उद्या ज्यांच्या हाती द्यायची आहे, ते अभियंते आणि प्रशासक अशाच प्रयोगशाळांतून तयार होणार आहेत.